एक्सल बदलल्यावर जीप वळेना : उजवीकडे १६ मीटरचा गोल, डावीकडे साडेबारा

जीपवेडा_नागपूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप. मागच्या हिवाळ्यात पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सल काढून जोंगाचे (सैन्याची जुनी मोठी जीप) बसवून घेतले. सैन्याच्या लिलावातून आलेले एक्सल कामठी रोडला एका भंगारवाल्याकडे पडून होते, डिफ (एक्सलच्या मधला गिअर, डिफरन्शियल) उघडून पाहिले तर दाते चांगले होते. जोडीनं बदलले म्हणजे स्टेपनी एकच चालते, कारण जोंगाच्या चाकाला सहा स्टड (बोल्ट) आणि एमएमला पाच. टायर ३१ इंची. पॉवर स्टिअरिंग जुन्या बोलेरोचं, ते एक्सलच्या आधीपासूनच आहे आणि तेव्हा गाडी छान वळायची.

आता अडचण अशी की गाडी वळतच नाही. कळमेश्वरच्या पुढे नाल्यात उतरलो की जिथे बाकीच्या जीपा एका दमात फिरतात तिथे मला मागे-पुढे करावं लागतं, आणि काळ्या मातीत मागे-पुढे करणं म्हणजे गाडी रुतवणंच. मोकळ्या मैदानात फिरवून बाहेरच्या चाकाच्या खुणेवर टेप लावला. उजवीकडे गोलाचा व्यास १६ मीटर, डावीकडे साडेबारा. शिवाय वर्धा रोडला ६० च्या पुढे गाडी सरळ धरायला हात सतत हलवावा लागतो, हेही पूर्वी नव्हतं.

गॅरेजवाला म्हणतो, मोठा एक्सल आहे, एवढं चालायचंच. फारच वाटत असेल तर नकलवरचे (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) स्टॉपर बोल्ट, म्हणजे चाक किती वळेल ते अडवणारे, कापून देतो म्हणाला. कापू द्यावेत का?

सातपुडा_फोर_बाय_फोर

आमच्या ग्रुपमधल्या एकानं कापले होते. वळते गाडी. कापून टाका.

लोअर_रेंज

भाऊ, कटर बाजूला ठेवा. स्टॉपर कापल्यानं फायदा तेव्हाच होईल जेव्हा चाक स्टॉपरला जाऊन अडत असेल. ते तिथेच अडतं हे कोणी पाहिलंय का? एक्सल बदललेल्या गाडीत चाक चार ठिकाणी अडू शकतं. नकलचा स्टॉपर, स्टिअरिंग बॉक्सचा स्वतःचा शेवट, टायर पाट्याला (स्प्रिंगला) किंवा चेसिसला घासणं, नाहीतर ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) कशाला तरी टेकणं. चारही ठिकाणांचा इलाज वेगळा आहे, त्यामुळे आधी कोण अडवतंय ते शोधायचं.

पुढचा एक्सल जॅकवर घ्या, खाली घोड्या लावा. इंजिन चालू करून एकानं स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं आणि दुसऱ्यानं खाली बसून बॅटरीच्या उजेडात स्टॉपर पाहायचा. शेवटाला गेल्यावर काही सेकंदांतच सोडून द्या, पॉवर स्टिअरिंगचा पंप पूर्ण दाबावर धरून ठेवला की तेल तापतं. स्टॉपर आणि एक्सलच्या हाउसिंगमध्ये फट उरली तर स्टॉपरचा काही दोष नाही. ती फट किती ते मोजा, डावी-उजवी दोन्ही.

मग चाकांचे कोन घ्या. प्रत्येक टायरखाली दोन पत्रे ठेवा, मध्ये ग्रीस. त्यावर चाक फिरवलं की टायर जमिनीला चिकटत नाही आणि आकडा खरा येतो. रिमला सरळ लाकडी पट्टी लावून जमिनीवर खडूनं रेघ ओढायची, आधी चाकं सरळ असताना, मग पूर्ण वळवून. दोन रेघांमधला कोन म्हणजे चाकाचा कोन. हे काम सकाळी लवकर करा, मे महिन्याच्या दुपारी नागपुरात पत्र्यावरचं ग्रीस पातळ होऊन पसरतं.

वाडीचा_टर्नर

काहून कापता भाऊ स्टॉपर! मी लेथवर काम करून राहिलो, जॉइंटचे तुटलेले कान घेऊन पोट्टे माह्याकडेच येतात. स्टॉपर हा टायर वाचवाले नाही, आतला चाक फिरवणारा जॉइंट वाचवाले असते. त्याच्या कोनाच्या पलीकडं चाक गेलं अन् वरून तुम्ही फोर बाय फोरमध्ये गोट्यावर रेस देली, की कान फुटलाच समजा. मग ना एक्सल राहते ना ट्रिप. कोन वाढवाचा असन तं पहिले हब (पुढचं चाक एक्सलला जोडते तो) लॉक करून, चाक हवेत ठेवून, पूर्ण वळवून हातानं फिरवून पाहा. कुठं अडकल्यासारखं लागलं तं तिथूनच मागं या.

मामलेकर

मागे डिफ वेल्ड केलेलं आहे का? किंवा लॉकर? मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरत असतील तर ती गाडीला सरळ ढकलतात आणि पुढचे कोन कितीही चांगले असले तरी गोल मोठा होतो. गोल मोजताना फोर बाय फोर लागलेलं नव्हतं ना? पक्क्या जमिनीवर लागलेलं असेल तर तेच होतं. आणि पुढचा एक्सल पाट्यावर पुढे सरकवलाय का, म्हणजे व्हीलबेस वाढलाय का?

जीपवेडा_नागपूर

@मामलेकर, मागे डिफ ओपन आहे, मोजताना टू व्हीलमध्ये होती आणि हबही फ्री होते. व्हीलबेस दोन्ही बाजूंनी मोजला, २३१० मिमी.

@लोअर_रेंज, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. आकडे देतो.

डावीकडे पूर्ण वळवल्यावर डावं चाक २७ अंश, उजवं २२. उजवीकडे पूर्ण वळवल्यावर उजवं चाक २० अंश, डावं १७. स्टॉपर कुठल्याच बाजूला टेकत नाही. डावीकडे बोट जाईल एवढी फट आहे, उजवीकडे तर अंगठा आडवा जातो. टायर पाट्याला लागत नाही, ड्रॅग लिंकही मोकळी आहे. म्हणजे बॉक्सच आधी संपतोय.

स्टिअरिंगचे फेरे पण मोजले. चाकं सरळ ठेवून डावीकडे पावणेदोनपेक्षा थोडे जास्त, उजवीकडे जेमतेम सव्वा.

लोअर_रेंज

हेच बघायचं होतं. बॉक्स मध्यावर नाही. आता ड्रॉप आर्मची (बॉक्सच्या दांडीवर बसतो आणि ड्रॅग लिंक ढकलतो तो) लांबी द्या, दांडीच्या मध्यापासून बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत. आणि नकलवर ड्रॅग लिंक जिथे लागते त्या आर्मची लांबी द्या, किंगपिनच्या (ज्या पिनवर चाक वळतं ती) मध्यापासून. ड्रॅग लिंक कुठल्या चाकाला आहे? टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) एक्सलच्या पुढे की मागे?

जीपवेडा_नागपूर

ड्रॉप आर्म १४० मिमी. नकलचा आर्म २१५. तो आर्म गॅरेजवाल्यानं नवा बनवून डाव्या नकलच्या वर बसवलाय, पुढे तोंड करून. पाट्याच्या पुढून ड्रॅग लिंक मोकळी जावी म्हणून लांब केला म्हणाला. वेल्ड नाही, ईएन २४ पोलादातून कापलेला आहे आणि चार बोल्टवर आहे. टाय रॉड मूळ जागीच, एक्सलच्या मागे. किंगपिनमधलं अंतर १२०० मिमी.

निवृत्त_निदेशक

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेड शिकवत होतो. असे मोजलेले आकडे समोर आले की निदान अंदाजावर राहत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टाय रॉडचं पाहू, कारण एक्सल बदलल्यावर तिथेही घोळ होतो. वळताना आतल्या चाकाचा गोल लहान आणि बाहेरच्याचा मोठा, म्हणून आतलं चाक जास्त वळलं पाहिजे. ही रचना म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्यानं १८१७ मध्ये काढली आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये आकरमननं पेटंट घेतलं, म्हणून आपण तिला आकरमन म्हणतो. हिशोब असा की बाहेरच्या कोनाच्या कोटँजंटमधून आतल्याचा कोटँजंट वजा केला की किंगपिनमधलं अंतर भागिले व्हीलबेस यायला हवं. तुमच्या गाडीला १२०० भागिले २३१०, म्हणजे ०.५२. डावीकडे आत २७ तर बाहेर २२ हवेत, तुमचे २२ आहेत. उजवीकडे आत २० तर बाहेर १७, तेही जुळतात. टाय रॉडला हात लावू नका. तोच रॉड कोणी एक्सलच्या पुढे नेऊन नकल डावे-उजवे बदलले असते तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त वळलं असतं, टायर घासत गाडी फिरली असती आणि आकडे असे आले नसते.

आता गोल. व्हीलबेसला बाहेरच्या चाकाच्या कोनाच्या साइननं भागा. डावीकडे २२ अंशाला ६.१७ मीटर, उजवीकडे १७ ला ७.९० मीटर. किंगपिनपासून टायरच्या मध्यापर्यंतचं थोडं अंतर मिळवा आणि दुप्पट करा. साडेबारा आणि सोळा येतात, तुम्ही टेपनं मोजलेत तेच. म्हणजे दोष पूर्णपणे कोनांत आहे, बाकी कुठे शोधायला नको.

कोन कमी का, याची दोन वेगळी कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे गोंधळ वाटतोय.

पहिलं म्हणजे ड्रॅग लिंकची लांबी. डावं चाक ड्रॅग लिंकवर आहे. दोन्हीकडे गोल सारखा हवा असेल तर ते डावीकडे जास्त आणि उजवीकडे थोडं कमी वळलं पाहिजे, कारण एकदा ते आतलं असतं आणि एकदा बाहेरचं. तुमच्याकडे डाव्या चाकाची एकूण फिरत २७ अधिक १७ म्हणजे ४४ अंश आहे. ती २४ आणि २० अशी वाटली गेली पाहिजे. तीन अंशांचा फरक आहे, २१५ च्या आर्मवर तो सुमारे ११ मिमी होतो. आर्म पुढे तोंड करून असल्यानं लिंक तेवढी आखूड करायची.

याचाच दुसरा परिणाम म्हणजे वर्धा रोडवरचं भटकणं. स्टिअरिंग बॉक्समध्ये दात्यांची पकड मध्यावर सगळ्यात घट्ट ठेवलेली असते, बाजूला गेलं की ढील वाढते. तुमची गाडी सरळ चालते तेव्हा बॉक्स मध्यापासून दूर असतो, म्हणजे ढिल्या भागात. बसवणाऱ्यानं चाकं सरळ केली आणि स्टिअरिंगचं चक्र काढून सरळ दिसेल असं पुन्हा लावलं असणार. आरे सरळ दिसतात, बॉक्स मात्र वाकडा.

दुसरं कारण आर्मचं प्रमाण. तुमच्या आकड्यांवरून बॉक्सची दांडी दर बाजूला साधारण ३५ अंश फिरते. १४० च्या ड्रॉप आर्मचं टोक तेवढ्यात ८० मिमी सरकतं. २१५ च्या आर्मला ८० मिमी मिळाले की चाक वळणार २२ अंश, त्याहून जास्त नाही. लिंक नीट केली तरी दोन्हीकडे बाहेरचं चाक २० अंशांवर थांबेल आणि गोल साडेतेरा-चौदा मीटरच्या आसपास राहील. सारखा होईल, पण लहान होणार नाही.

वाडीचा_टर्नर

सरांनी बरोबर धरलं. मंग नकलचा आर्म आखूड करा नाहीतं ड्रॉप आर्म लांब. नकलचा १६५ च्या आसपास केला तं हिशोब जुळते, पण तिथं पाटा आडवा येईन, त्याच्यासाठीच तं त्यानं लांब केला. त्याच आर्मला जुन्या छेदाच्या बाजूले दुसरा छेद पाडून देतो म्हणणारे भेटतीन. पाडू नका. दोन छेदांच्या मधात माल कमी राहते अन् बॉल जॉइंटचा टेपर रीमरनं नीट बसवला नाही तं पिन ढिली पडते.

ड्रॉप आर्म पाहा. पण गॅसनं तापवून वाकवलेला, तोडून वेल्ड केलेला अजिबात घेऊ नका. हा तुटला तं स्टिअरिंग हातात फिरत राहते अन् गाडी आपल्या मनानं जाते.

लोअर_रेंज

१८० मिमीचा मिळाला तर टोक १०३ मिमी सरकेल आणि चाकाला साधारण २९ अंश एका बाजूला मिळतील, वाटणी नीट केली की आत ३० च्या पुढेही जाईल. स्टिअरिंग सव्वापटीहून थोडं जड होईल, तुमच्याकडे पॉवर आहे म्हणून चालेल. साध्या बॉक्सवर मी हे सुचवलं नसतं. लांबीसोबत आर्म खाली किती उतरतो तेही बघा. ड्रॅग लिंक जितकी एक्सलला समांतर, तितकं खड्ड्यात स्टिअरिंग कमी ओढतं.

कायदेकर

मध्ये एक गोष्ट सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमावाले पहिला प्रश्न हाच विचारतील.

जीपवेडा_नागपूर

@कायदेकर, आभारी आहे, हे मनावर घेतलंय. सार्वजनिक रस्त्यावर नेणं बंद केलं आहे. मैदानापर्यंत आता मित्राच्या फ्लॅटबेडवर जाईल.

बाकीच्यांना कळवतो की ड्रॅग लिंक आखूड केली. आधी लिंक सोडवून बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, तीन फेऱ्यांच्या थोडं वर भरतो. अर्ध्यावर खडूची खूण केली आणि तिथून हिशोब धरून लिंक बसवली. चक्र काढून पुन्हा सरळ लावलं. निदेशक सर, डावं चाक डावीकडे २४, उजवीकडे २०. तुम्ही लिहिलेलेच आकडे. मैदानात वेगात सोडून पाहिली, हात स्थिर ठेवला तरी सरळ जाते. गोल दोन्हीकडे सारखा, पण मोठाच.

जिप्सी_हिंगणा

माझ्या जिप्सीला एक्सल तोच आहे, फक्त उंची वाढवली, पाट्याखाली ठोकळे घातले. डावीकडे वळते, उजवीकडे कमी. माझंही हेच का?

लोअर_रेंज

बहुतेक. उंची वाढली की चेसिस आणि एक्सलमधलं अंतर वाढतं, ड्रॅग लिंक तिरकी होते आणि चाकांना ओढून धरते. कोणीतरी चक्र सरळ करून दिलं असेल तर वरून कळत नाही. सरळ चाकांपासून दोन्हीकडचे फेरे मोजा, फरक आला तर लिंकवरच काम करा. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे जोंगाचंच चालू दे.

जीपवेडा_नागपूर

उशिरा लिहितोय, आर्म शोधण्यातच वेळ गेला. वाडीत ट्रकांच्या जुन्या सामानात एक मिळाला, मध्यापासून मध्यापर्यंत १८० मिमी. दाते जुळतात की नाही यासाठी जुना आर्म सोबत नेला होता. दाते मोजले, मग दोन्ही आर्मच्या छेदातून तीच बॉल जॉइंटची पिन घालून टेपर पाहिला. आतल्या बाजूला चार ठिकाणी रुंद दाता आहे, त्यामुळे तो चारच दिशांना बसतो, चुकीच्या दाती बसण्याचा प्रश्न नाही. बसवण्याआधी ब्रशनं घासून रंग काढला आणि भेगा शोधायचं रंगाचं औषध मारून पाहिलं. कुठे रेघ आली नाही.

जुना आर्म पुलर लावल्याशिवाय हलला नाही. हातोडी मारली असती तर बॉक्सच्या आतल्या बेअरिंगला मार बसला असता.

नवा बसवून लिंक पुन्हा जुळवली. मग स्टॉपर. बॉक्स संपायच्या आधी स्टॉपर टेकला पाहिजे हे आता मला या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इतके महिने प्रत्येक पूर्ण वळणाला बॉक्सच मार खात होता. टर्नरदादांनी सांगितलं तसं हब लॉक करून चाक हातानं फिरवत कोन वाढवत नेला. ३२ ला हाताला जरासं अडल्यासारखं लागलं. मागे येऊन आतलं चाक ३० वर ठेवलं आणि स्टॉपरचा चेकनट घट्ट केला. त्या कोनाला बाहेरचं चाक २४. एका बाजूचं चाक ठोकळ्यावर चढवून पाटा दाबला आणि पुन्हा पाहिलं, टायर आणि पाट्यामध्ये दोन बोटं मोकळी आहेत.

गोल आता दोन्हीकडे ११.६ मीटर. स्टिअरिंग थोडं जड आहे, उभ्या गाडीत जाणवतं, चालत्या गाडीत नाही. कळमेश्वरच्या त्याच नाल्यात परवा एका दमात फिरली, मागे न घेता.

निवृत्त_निदेशक

२३१० भागिले साइन २४ म्हणजे ५.६८ मीटर, अधिक टायरचं अंतर. तुमचा ११.६ अगदी बरोबर आहे. फार आनंद झाला.

एक काम राहिलं. लांब आर्ममुळे बॉक्सच्या बुडाशी चेसिसवर ताण वाढलाय. बॉक्स जिथे बोल्टनं बसलाय तिथला पत्रा पहिल्या काही फेऱ्यांनंतर उघडून पाहा. बोल्टच्या छेदाभोवती रंगाला केसासारखी चीर दिसली तर आतून पट्टी द्यावी लागेल. एमएमच्या चेसिसवर दुसऱ्या गाडीचा बॉक्स बसवला की तिथेच चीर जाते.

जीपवेडा_नागपूर

काल पाहिलं सर. चीर नाही, पण मागचा खालचा बोल्ट पाव फेरा ढिला झाला होता. नायलॉकचे नवीन नट लावले आणि खुणेची रेघ ओढून ठेवली. आतून पट्टी या आठवड्यातच टर्नरदादांकडून करून घेतो.

वाडीचा_टर्नर

गुरुवारी आणा, सकाळी. आठ मिमीची पट्टी कापून ठेवतो. बॉक्स काढूनच आणा, वेल्डिंगच्या गरमीनं सील जाते.